आयरिश सैनिकी वेश व पाइपवादन

आयर्लंडमधील व आयरिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सैनिकी पथकांचा विशिष्ट पोशाख आणि त्याच्याशी निगडित असलेली बॅगपाइपवादनाची परंपरा. केशरी रंगाचा किल्ट, डाव्या डोळ्याच्या वर तुरा असलेली सैलसर कॉबीन टोपी, गर्द हिरवा डगला आणि खांद्यावर तीन नळ्यांचा बॅगपाइप अशी आयरिश पाइपवादकाची आजची सर्वपरिचित मूर्ती आहे. ती अतिप्राचीन असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तिच्यातील काही घटक मध्ययुगीन असले, तरी त्यांची आजची जुळणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झालेली आहे. या परंपरेच्या घडणीत भारताचा, विशेषतः मुंबई इलाख्याचा, बराच संबंध येतो. पुढे आयरिश नाव धारण करणाऱ्या काही पलटणी मुळात मुंबई व मद्रास इलाख्यांतील होत्या. यांपैकी मद्रासच्या एका पलटणीने खानदेशातील थाळनेरच्या वेढ्यात भाग घेतला होता.

प्राचीन वेश : मध्ययुगीन आयरिश पुरुषाचा मुख्य पोशाख म्हणजे तागाच्या कापडाचा घोळदार, लांब बाह्यांचा सदरा (लेन्य) व त्यावर पांघरावयाची लोकरी घोंगडी (ब्रात). सदरा केशरी रंगाचा असे व त्याला जितके कापड अधिक, तितकी प्रतिष्ठा अधिक मानली जाई. केर्न या नावाने ओळखले जाणारे हलके पायदळ हाच सदरा कमरेशी खोचून, अनवाणी व उघड्या डोक्याने लढत असे. परशू व चिलखत धारण करणाऱ्या अवजड पायदळास गॅलोग्लास म्हणत. जर्मन चित्रकार आल्ब्रेक्त ड्यूरर याने १५२१ मध्ये काढलेल्या एका चित्रात अशा आयरिश योद्ध्यांचे दर्शन घडते. या वेशात किल्ट नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सदऱ्याचा कमरेखालील चुणीदार भाग दुरून किल्टसारखा दिसे, एवढेच.

इंग्लंडच्या राज्यसत्तेने या वेशाकडे केवळ कपडे म्हणून पाहिले नाही. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले इंग्रज स्थानिकांसारखे राहू, बोलू व वागू लागल्यामुळे १३६६ मध्ये किलकेनीचे कायदे संमत झाले. इंग्रजांनी आयरिश पाइपवादक, कथेकरी व कवी यांना आश्रय देऊ नये, असा त्यांत निर्बंध होता. असे कलावंत हेरगिरी करतात, हे त्याचे सांगितलेले कारण. पुढे आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३७ च्या कायद्याने, केशराने रंगविलेला सदरा वापरण्यास बंदी करण्यात आली. सदऱ्याला सात वारांहून अधिक कापड लावू नये, असेही ठरले. अशा रीतीने केशरी रंग व पाइप या दोन्ही गोष्टी राजकीय ओळखीची चिन्हे ठरल्या. पुढील इतिहास समजण्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

वाद्य व त्याची रचना : बॅगपाइप हे पत्तीचे सुषिर वाद्य होय. त्याचे तत्त्व महाराष्ट्रातील सनईवादनाच्या आधाराने सहज समजते. सनईच्या जोडीला सूर धरणारा साथीदार असतो. तो एकच स्वर अखंड फुंकत राहतो आणि त्या स्वराच्या आधारावर मुख्य वादक चाल वाजवितो. स्वर खंडित होऊ नये म्हणून वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो. बॅगपाइपमध्ये गालांचे काम कातडी पिशवी करते व सूर धरणाऱ्याचे काम पिशवीला जोडलेल्या नळ्या करतात. वादक फुंकनळीने पिशवी भरतो व काखेत दाबून हवेचा दाब स्थिर राखतो. ही हवा एकीकडे भोके असलेल्या स्वरनळीतील दुहेरी पत्तीस व दुसरीकडे खांद्यावरील सूरनळ्यांतील एकेरी पत्त्यांस कंप देते. आजच्या प्रचलित पाइपला तीन सूरनळ्या असतात : दोन नळ्या स्वरनळीच्या मूळ स्वराच्या एक सप्तक खाली व एक मोठी नळी दोन सप्तके खाली वाजते. स्वरनळीतून फक्त नऊ स्वर निघतात. एकदा वादन सुरू झाले, की स्वर मध्येच थांबविता येत नाही आणि लहानमोठाही करता येत नाही. म्हणून एकच स्वर दोनदा घ्यावयाचा असल्यास मध्ये अतिशय द्रुत कणस्वर घालावा लागतो. या कणस्वरांच्या नेमकेपणावरून पाइपवादकाची तयारी ओळखली जाते. आवाज प्रखर, दूरवर पोहोचणारा व चालता-चालता वाजविता येण्याजोगा असल्यामुळे हे वाद्य रणभूमीस अनुकूल ठरले.

आयरिश रणपाइपला ‘पीब वोर’ म्हणजे ‘मोठा पाइप’ असे नाव आहे. १५४४ मध्ये आठव्या हेन्रीने फ्रान्समधील बूलोन्य शहरास वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यातील आयरिश केर्नांबरोबर पाइपवादक होते. इटालियन संगीतज्ञ व्हिन्चेन्त्सो गालिलेई (शास्त्रज्ञ गॅलिलिओचा पिता) याने १५८१ च्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात, आयरिश लोक युद्धात या वाद्याचा उपयोग करतात, अशी नोंद केली आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जॉन डेरिक या इंग्रजाच्या सचित्र पुस्तकात केर्न तुकडीबरोबरचा पाइपवादक दाखविला आहे. सतराव्या शतकात गेलिक सरदारांची सत्ता मोडली व त्याबरोबर रणपाइपचा आश्रयही गेला. अठराव्या शतकात तो क्रमाने मागे पडला. त्याची जागा इलिअन पाइपने घेतली. हा बसून, घरात वाजवावयाचा पाइप असून त्याची पिशवी तोंडाने न फुंकता कोपराखालील भात्याने भरतात. त्याचा आवाज मृदू असून त्यावर दोन सप्तके वाजविता येतात. नृत्य व भावगीते यांना तो अनुरूप आहे. संचलनास मात्र निरुपयोगी.

परक्या सैन्यांतील आयरिश : १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर पराभूत आयरिश सैनिक मोठ्या संख्येने फ्रान्सच्या सेवेत गेले. तेथील आयरिश ब्रिगेडने ११ मे १७४५ रोजी फाँतन्वाच्या लढाईत इंग्रजांचा हल्ला परतविला. या वेळीही तिच्या अंगावर लाल डगला होता. म्हणजे दोन्ही बाजूंना लालच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅथलिक आयरिशांना ब्रिटिश सैन्याची दारे क्रमाने खुली झाली. शेतीचे लहान तुकडे, वाढती लोकसंख्या व दारिद्र्य यांमुळे सैन्य हाच अनेकांचा पोट भरण्याचा मार्ग होता. १८३० मध्ये ब्रिटिश सैन्यातील शिपायांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींतही त्यांचा भरणा मोठा होता. मात्र या शिपायांचा वेश इतर ब्रिटिश पायदळासारखाच, लाल डगला व छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे असा असे. किल्ट घालण्याचा अधिकार स्कॉटलंडच्या हायलँड पलटणींना होता. आयरिशांना तसा वेगळा वेश नव्हता.

महाराष्ट्र व खानदेश : १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आल्यावर तेथील इंग्रज शिबंदीतून बाँबे युरोपियन रेजिमेंट उभी राहिली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेविरुद्ध झालेल्या खडकीच्या लढाईत ती होती. या लढाईच्या काही दिवस आधीच ती मुंबईहून पुण्यास येऊन पोहोचली होती. मद्रास युरोपियन रेजिमेंटच्या तुकड्या २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांविरुद्ध महिदपूरला लढल्या. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला व तो ताब्यात घेण्यासाठी सर टॉमस हिस्लॉप हा सैन्यासह खानदेशात उतरला. तापीकाठच्या थाळनेर (धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका) येथील किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला देण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर रॉयल स्कॉट्स व मद्रास युरोपियन या दोन पलटणींच्या तुकड्या दरवाजातून आत शिरल्या. शेवटच्या दरवाजाशी बोलणी चालू असताना चकमक उडाली व तीत मेजर गॉर्डन प्रभृती इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर किल्ल्यातील बहुतेक सर्व शिबंदी, जीत मुख्यत्वे अरब होते, कापून काढण्यात आली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. या कृत्यावर पुढे इंग्लंडमध्येही टीका झाली. थाळनेरच्या तटाशी उभ्या असलेल्या शिपायांपैकी कोण स्कॉटिश, कोण आयरिश व कोण इंग्रज हे त्यांच्या पोशाखावरून किल्ल्यातील लोकांना कळण्याजोगे नव्हते. ६३ वर्षांनी त्यांतील एका पलटणीस आयर्लंडच्या राजधानीचे नाव मिळावयाचे होते.

खानदेशात गणवेशाचा आणखी एक प्रयोग याच काळात झाला. इंग्रजी अंमल बसल्यानंतर सातपुडा व सातमाळा डोंगरांतील भिल्लांविरुद्ध सात वर्षे मोहिमा चालल्या, पण प्रदेश शांत झाला नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार १८२५ मध्ये भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे ठरले व ते काम लेफ्टनंट जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. धरणगाव (सध्या जळगाव जिल्हा) हे तिचे ठाणे झाले. आरंभी रंगरूट मोजकेच होते. आपल्याला एकत्र करून मारावयाचे आहे, अशी त्यांना भीती वाटे. मालेगावच्या छावणीत आउट्रमच्या जुन्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी या रंगरुटांच्या राहुट्यांत जाऊन त्यांना पानसुपारी दिली, तेव्हा ही भीती ओसरू लागली. काल ज्यांचा पाठलाग होत होता, ते आज सरकारी गणवेशात पहाऱ्यावर उभे राहिले. १८३५ पर्यंत आउट्रम या पलटणीचा प्रमुख होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जिल्हा पोलीस दलात विलीन झाली. १८५७–५८ मध्ये खाजा नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्लांनी उठाव केला, तेव्हा भिल्ल पलटण सरकारच्या बाजूस होती. जिंकलेल्या समाजातून जेत्याचे सैन्य उभारणे आणि त्यामुळे एकाच समाजाची माणसे समोरासमोर येणे, ही गोष्ट आयर्लंडच्या इतिहासातही पुढे घडली.

मुंबई ते डब्लिन : १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले व १८६२ च्या सुमारास तिच्या युरोपीय पलटणी राणीच्या सैन्यात सामील झाल्या. मद्रासची पलटण १०२ वी व मुंबईची १०३ वी झाली. १८८१ च्या लष्करी पुनर्रचनेत प्रत्येक पलटणीस एक भरतीचा प्रदेश नेमून देण्यात आला. त्यानुसार १०२ वी व १०३ वी मिळून रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स ही रेजिमेंट बनली. १८५३ मध्ये उभारलेली व मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत लढलेली तिसरी बाँबे युरोपियन (नंतरची १०९ वी) ही लेन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. बंगालच्या दोन युरोपीय पलटणींतून रॉयल मन्स्टर फ्युजिलियर्सची निर्मिती झाली. अशा रीतीने आयर्लंडच्या दक्षिण भागातील रेजिमेंटांचा मोठा हिस्सा हिंदुस्थानात जन्मलेला होता.

या जन्माच्या खुणा वेशावर राहिल्या. डब्लिन फ्युजिलियर्सच्या बिल्ल्यावर पेटत्या हातगोळ्याबरोबर वाघ व हत्ती होते. तिच्या रणसन्मानांत प्लासी, महिदपूर, खडकी, मुलतान, गुजरात (पंजाब) ही नावे होती. डब्लिनच्या गल्लीतला तरुण भरती होताच खडकी व महिदपूर यांचे इंग्रजी वळणाचे उच्चार पाठ करी. मराठी वाचकाला पराभवाची म्हणून ज्ञात असलेली स्थळे आयर्लंडमध्ये पलटणीच्या अभिमानाची स्थळे बनली होती.

पुनरुज्जीवन : १८९३ मध्ये डब्लिन येथे गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. आयरिश भाषेबरोबरच खेळ, नृत्य, संगीत व वेश यांतही स्वत्वाचा शोध सुरू झाला. राष्ट्रीय पोशाख कोणता असावा, याबद्दल बराच वाद झाला. स्कॉटिश किल्ट मूळचा आयरिशच होता, असे अनेकांनी मानले व केशरी रंगाचा, चौकड्या नसलेला किल्ट स्वीकारला. पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झालेल्या पॅट्रिक पिअर्सला किल्टच्या अस्सलपणाबद्दल शंका होती. पण वस्तुसंग्रहालयातील जुन्या तंग विजारी पाहिल्यावर, किल्ट कमी अस्सल असला तरी अधिक शोभून दिसेल, असे त्याचे मत पडले. एच. एफ. मक्लिंटक याने १९४३ च्या आपल्या ग्रंथात जुनी चित्रे, कायदे व प्रत्यक्ष अवशेष तपासून, किल्ट हा आयर्लंडचा प्राचीन वेश नव्हता, असे दाखवून दिले. तोपर्यंत किल्ट रूढ झाला होता.

वाद्याच्या बाबतीतही असेच घडले. जुना रणपाइप पूर्णपणे लोपला असल्याने जुन्या चित्रांवरून त्याची पुनर्रचना करण्यात आली. स्कॉटिश पाइपपासून वेगळा दिसावा म्हणून काही काळ दोन सूरनळ्यांचा पाइप प्रचारात आला. हेन्री स्टार्क या लंडनच्या वाद्यकाराने १९०८ मध्ये ‘ब्रायन बोरू’ पाइप तयार केला. त्याच्या स्वरनळीला किल्ल्या बसवून नवाहून अधिक स्वरांची सोय केलेली होती. रॉयल इनिस्किलिंग फ्युजिलियर्सच्या बँडने हा पाइप काही दशके वापरला. अखेरीस बहुतेक सर्व आयरिश बँडांनी तीन सूरनळ्यांचा स्कॉटिश पाइपच पत्करला, कारण स्पर्धा, शिक्षण व संगीतलेखन त्याच्यावर आधारलेले होते.

पाइप हे राष्ट्रीय चळवळीचेही वाद्य झाले. १९०० मध्ये डब्लिनमध्ये पाइपवादकांचे मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेला एमन केंट याने १९०८ मध्ये रोम येथे पोपसमोर पाइपवादन केले. १९१६ च्या उठावातील सहभागाबद्दल त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. लस्क येथील पाइप बँडचा संस्थापक टॉमस अ‍ॅश हा १९१७ मध्ये तुरुंगातील अन्नसत्याग्रहाच्या काळात मरण पावला. १९१६ मध्ये डब्लिनच्या रस्त्यांत उठाव मोडण्यासाठी लढलेल्या सरकारी फौजेत डब्लिन फ्युजिलियर्सचे सैनिकही होते. त्याच रेजिमेंटची पहिली, म्हणजे मूळची मद्रासची, बटालियन वर्षभरापूर्वी २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपलीच्या किनाऱ्यावर उतरताना जवळजवळ नष्ट झाली होती.

रेजिमेंटांचा वेश : बोअर युद्धातील आयरिश सैनिकांच्या पराक्रमाप्रीत्यर्थ व्हिक्टोरिया राणीने १९०० मध्ये १७ मार्च या संत पॅट्रिकच्या दिवशी टोपीत शॅमरॉक (त्रिदल) खोवण्याची आयरिश सैनिकांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी १ एप्रिल रोजी आयरिश गार्ड्‌स ही रेजिमेंट स्थापन केली. तिच्या अस्वलाच्या केसाळ कातड्याच्या उंच टोपीवर संत पॅट्रिकचा निळा तुरा असतो व डगल्याची बटणे चार-चारच्या गटांत असतात. तिचे व लंडन आयरिश रायफल्सचे पाइपवादक केशरी किल्ट वापरू लागले. या किल्टचा रंग केशरी म्हटला, तरी प्रत्यक्षात तो मोहरीच्या पिवळ्या-तपकिरी छटेचा असतो. कॉबीन टोपी प्रथम पाइपवादकांपुरती होती. दुसऱ्या महायुद्धात, इटलीतील मोहिमेच्या काळात, आयरिश ब्रिगेडमधील इतर सैनिकांतही तिचा प्रसार झाला. तुऱ्याच्या रंगावरून रेजिमेंट ओळखली जाई : इनिस्किलिंग फ्युजिलियर्सचा करडा, रॉयल आयरिश फ्युजिलियर्सचा हिरवा, रॉयल अल्स्टर रायफल्सचा काळा. या तिन्ही रेजिमेंटा १९६८ मध्ये रॉयल आयरिश रेंजर्समध्ये व ती १९९२ मध्ये रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये विलीन झाली. कॉबीन, हिरवा तुरा व केशरी किल्ट हा वारसा तिने चालविला आहे.

ज्या राज्यसत्तेने १५३७ मध्ये केशरी सदरा निषिद्ध ठरविला, तिच्याच सैन्याने सुमारे पावणेचारशे वर्षांनी केशरी किल्ट मान देऊन आपल्या सैनिकांना दिला. निषिद्ध चिन्ह गणवेशात सामावून घेतल्याने निष्ठा बळावते, असा यामागील व्यवहार होता. तो नेहमीच यशस्वी झाला नाही.

बंड व विसर्जन : २८ जून १९२० रोजी पंजाबातील जालंदर येथे कॅनॉट रेंजर्स या आयरिश रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधील सैनिकांनी, आयर्लंडमध्ये चाललेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ, काम करण्यास नकार दिला. त्यांनी ब्रिटिश गणवेशावर आयरिश राष्ट्रवाद्यांच्या रंगाची फुले लावली आणि बाजारातून आणलेल्या कापडाचा हिरवा-पांढरा-नारिंगी ध्वज उभारला. बंड सोलनपर्यंत पसरले. तेथे शस्त्रागारावर चाल करताना दोन सैनिक मारले गेले. त्यांचा म्होरक्या जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाई येथे गोळ्या घालून देहान्त शासन देण्यात आले. १९७० मध्ये त्याचे अवशेष आयर्लंडला नेण्यात आले.

आयरिश फ्री स्टेटच्या स्थापनेच्या सुमारास दक्षिण आयर्लंडमधील रेजिमेंटा बरखास्त झाल्या. १२ जून १९२२ रोजी विंडसर राजवाड्यात त्यांचे ध्वज पंचम जॉर्जच्या स्वाधीन करण्यात आले व ३१ जुलै रोजी डब्लिन फ्युजिलियर्स, मन्स्टर फ्युजिलियर्स, लेन्स्टर रेजिमेंट, कॅनॉट रेंजर्स इत्यादींचे अस्तित्व संपले. मुंबई व मद्रास येथे सुरू झालेला सुमारे अडीचशे वर्षांचा एक क्रम येथे थांबला. या रेजिमेंटांतून परतलेल्या सैनिकांना नव्या आयर्लंडमध्ये बराच काळ उपेक्षा सोसावी लागली. परक्याच्या सेवेतील म्हणून त्यांचे पदक व गणवेश पेटीत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांच्या स्मृतीकडे अधिक समंजसपणे पाहिले जाऊ लागले.

नव्या राज्याच्या सैन्याने १९२३ मध्ये संगीतविद्यालय स्थापन करून फ्रिट्‌स ब्राझे या जर्मन बँडप्रमुखास त्याचे संचालक नेमले. या सैन्याच्या पाइपवादकांनीही केशरी किल्टच स्वीकारला. म्हणून आज ब्रिटिश सैन्यातील आयरिश रेजिमेंट व आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे सैन्य या दोहोंचे पाइपवादक जवळजवळ एकाच वेशात दिसतात.

भारतातील पाइप बँड : स्कॉटिश पलटणींच्या सहवासात एकोणिसाव्या शतकात शीख, गुरखा, पंजाबी इ. पलटणींनी पाइप स्वीकारला. स्वातंत्र्यानंतर गोरे अधिकारी गेले, पण पाइप व ढोल यांचे बँड राहिले. मुंबई इलाख्यातील १७६८ च्या सिपाई बटालियनपासून आपला इतिहास मोजणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील केंद्रातही पाइप बँड आहे. या रेजिमेंटच्या टोपीवर लाल व हिरव्या रंगाचा तुरा असतो. रंग वेगळे, पण तुऱ्यावरून पलटण ओळखण्याची पद्धत आयरिशांसारखीच. प्रतिवर्षी २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या संचलन-समारोपात सैन्याचे पाइप बँड एकत्र वाजतात. या समारंभात दीर्घकाळ वाजविले जाणारे ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी प्रार्थनागीत २०२२ पासून वगळण्यात आले; वाद्ये मात्र तीच आहेत. गढवाल-कुमाऊँमध्ये पलटणीतून घरी परतलेल्यांबरोबर हा पाइप गावात गेला व ‘मशकबीन’ या नावाने लग्नाच्या वरातीत स्थिरावला.

महाराष्ट्रात पाइप लोकजीवनात रुजला नाही. येथे सनई-सूर, वारल्यांचा तारपा, तसेच खानदेश व डांग भागातील पावरी ही अखंड श्वासाची वाद्ये आधीपासूनच होती. सैनिकी वाद्यवृंदाचा वारसा जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत आला तो पितळी वाद्यांच्या बँडच्या रूपाने. लग्नाच्या वरातीपुढील वादकांचा जरीच्या पट्ट्यांचा लाल डगला, खांद्यावरील झुबके व तुऱ्याची टोपी ही एकोणिसाव्या शतकातील पलटणीच्या पोशाखाची वंशज आहेत. थाळनेरच्या तटाशी दिसलेला लाल डगला त्याच प्रदेशात आता मंगलकार्याचा वेश झाला आहे.

परंपरेचे स्वरूप : आयरिश किल्ट प्राचीन नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. सदऱ्याचा केशरी रंग, पाइपवादकाची स्मृती व बंदीचा इतिहास या गोष्टी खऱ्या होत्या. त्यांना जोडणारे वस्त्र तेवढे उसने होते. गणवेश कोणी दिला यापेक्षा तो कोणी, कोणत्या हेतूने अंगावर ठेवला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. डब्लिन फ्युजिलियर्सचा सैनिक, जालंदरचा बंडखोर आणि प्रजासत्ताकाचा पाइपवादक या तिघांनीही आपण आयरिश आहोत हेच वेशातून सांगितले, पण प्रत्येकाचे म्हणणे वेगळे होते. धरणगावच्या भिल्ल शिपायाचा गणवेश आणि बेळगावच्या मराठा पाइपवादकाचा पाइप यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.